पटाशीला धार लावली, पण मोजलं काय?

संशोधनाची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: "प्रयोगाची रचना शिकायची तर सुरुवात कुठून करू?" पुस्तकं आहेतच, ती वाचाच. पण मला विचाराल तर रोजच्या वापरातली, हाताला लागणारी एखादी गोष्ट घ्या आणि तिच्याबद्दल लोक सहज करतात असा एखादा दावा तपासायला बसा. दावा जितका साधा, तितकं जास्त शिकायला मिळतं.

माझा विषय पोलादाची सूक्ष्मरचना, म्हणून आजचा दावाही तिथलाच घेतो: "अमुक पोलादाची पटाशी तमुक पोलादाच्या पटाशीपेक्षा जास्त वेळ धार धरते." तपासायला किती सोपं वाटतं, नाही? दोन पटाश्या घ्या, दोन्हींना धार लावा, एकाच लाकडावर चालवा, आधी कुठली बोथट होते ते बघा. संपलं.

माझं म्हणणं असं, की या पद्धतीने तुम्ही बहुतेक वेळा पोलाद मोजतच नाही. तुम्ही मोजता ते धार लावणं. हे असं का होतं, हे समजून घ्यायला धार लावायचं एक जुनं यंत्र फार उपयोगी पडतं, कारण त्यावर प्रत्येक पायरी वेगळी दिसते. चला तर मग, यंत्रापासूनच सुरुवात करू.

यंत्र कसं असतं

घासायचा दगड आणि निसायचं चाक एकाच दांड्यावर बसवलेली यंत्रं युरोपातल्या सुतारांच्या कार्यशाळांमध्ये कित्येक वर्षांपासून आहेत. त्यातलं सर्वात माहीत असलेलं नाव म्हणजे स्वीडनचं टॉर्मेक. टोर्गनी यान्सन या गृहस्थांनी १९७३ मध्ये ही कंपनी सुरू केली. यंत्राची मूळ कल्पना साधी आहे. एका बाजूला साधारण २५० मिमी व्यासाचा, ५० मिमी रुंदीचा दगड. त्याचा खालचा भाग पाण्याच्या कुंडीत बुडलेला. दुसऱ्या बाजूला चामडं लावलेलं चाक, त्यावर बारीक घर्षक पेस्ट चोळायची. दोन्ही चाकं मिनिटाला सुमारे ९० फेरे, म्हणजे अगदी निवांत फिरतात. वर एक आडवा दांडा असतो, पटाशी पकडणारा जिग त्यावर टेकतो आणि कोन ठरतो.

आता याची तुलना आपल्याकडे फॅब्रिकेशनच्या कुठल्याही दुकानात दिसणाऱ्या कोरड्या बेंच ग्राइंडरशी करून पाहा. १५० मिमीचं चाक, मिनिटाला सुमारे २,८५० फेरे. दगडाच्या कडेचा वेग काढणं शाळेतलं गणित आहे: परिघ गुणिले फेरे. कोरड्या ग्राइंडरचा वेग येतो सेकंदाला सुमारे २२ मीटर, ओल्या दगडाचा सुमारे १.२ मीटर. म्हणजे जवळपास एकोणीस पट फरक! हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पहिली पायरी: दगड देतो तो आकार

दगडाचं काम धार देणं नाही, आकार देणं आहे. पटाशीच्या टोकाला जो तिरका उतार असतो, त्याला बेव्हल म्हणतात. हा उतार आणि पटाशीची सपाट पाठ जिथे भेटतात, ती रेघ म्हणजे धार. सर्वसाधारण कामाच्या पटाशीचा उतार २५ अंशांचा घासतात आणि अगदी टोकाशी ३० अंशांचा एक बारीक दुसरा उतार देतात. कोन कमी केला तर पातं लाकडात सहज शिरतं, पण टोक नाजूक होतं. वाढवला तर टोक टिकतं, पण जोर जास्त लागतो. रंध्यात आणखी एक अट असते. पातं ४५ अंशांत बसवलेलं असेल आणि उतार खालच्या बाजूला ३० अंशांचा असेल, तर उताराच्या मागे १५ अंशांची मोकळीक उरते. ती फार कमी झाली की पातं कापण्याऐवजी लाकडावर नुसतं घासत जातं.

गोल दगडावर घासल्यामुळे उतार किंचित खोलगट होतो. किती? ३ मिमी जाड पटाशी, २५ अंशांचा उतार, म्हणजे उताराची लांबी साधारण ७ मिमी. २५० मिमीच्या दगडावर या खोलगटपणाची खोली येते फक्त ०.०५ मिमी, १५० मिमीच्या चाकावर ०.०८ मिमीच्या आसपास. दोन्ही आकडे लहान आहेत, पण फायदा आहे: पुढे निसताना संपूर्ण उतार घासावा लागत नाही, दोन कडाच टेकतात.

इथे संशोधकाने टिपायची पहिली गोष्ट. दगड झिजतो. व्यास कमी झाला आणि जिगमधून पटाशी तेवढीच बाहेर ठेवली, आडवा दांडाही तिथेच ठेवला, तर कोन तोच राहत नाही. म्हणून या यंत्राच्या कोनमापकावर दगडाचा व्यास लावायची सोय असते. "मी सेटिंग बदललंच नाही" म्हणजे "कोन बदलला नाही" असं नव्हे. यंत्र स्वतःच हळूहळू बदलत असतं.

उष्णता: पाणी चढतं, पाणी उतरतं

मराठीत पोलाद कडक करण्याला 'पाणी देणं' म्हणतात. लोहार हत्यार लाल तापवून पाण्यात किंवा तेलात बुडवतो, तेव्हा पोलादात मार्टेन्साइट नावाची रचना तयार होते. ती अतिशय कडक असते, पण ठिसूळही. म्हणून नंतर ते पुन्हा थोडं तापवून ठिसूळपणा कमी करतात. साध्या कार्बन पोलादाच्या हत्यारांसाठी हे दुसरं तापमान साधारण २०० अंश सेल्सियसच्या आसपास असतं.

आता हेच पातं तुम्ही ग्राइंडरवर त्याहून जास्त तापवलंत, तर ठिसूळपणा कमी करण्याची क्रिया पुढे सरकते आणि पोलाद मऊ पडतं. कारागीर याला एका शब्दात 'पाणी उतरलं' म्हणतात. धातुशास्त्राच्या पुस्तकात तीन परिच्छेद लागतात, ते इथे दोन शब्दांत आलंय!

कोरड्या ग्राइंडरवर हे इतकं पटकन का होतं? जोर तोच धरला तर दर सेकंदाला खर्च होणारी ऊर्जा वेगाच्या प्रमाणात वाढते, आणि तिचा बराचसा भाग उष्णता होतो. एकोणीस पट वेग म्हणजे काय ते आता कळेल. त्यात धारेजवळ पातं इतकं पातळ असतं, की उष्णतेला पसरायला जागाच नसते. पटाशीचा दांडा हाताला गार लागतो आणि टोक मात्र ३०० अंशांवर गेलेलं असतं. ओल्या दगडाचे दोन्ही फायदे इथे आहेत: वेग कमी, आणि पाणी सतत उष्णता वाहून नेतं.

पातं तापलं हे ओळखायची सुतारांची खूण म्हणजे रंग. साधारण २२० अंशांना फिकट पिवळा, २६० च्या आसपास तपकिरी, ३०० च्या जवळ निळा. हा रंग पोलादाचा नसतो. तो पृष्ठभागावरच्या ऑक्साइडच्या अतिशय पातळ थराचा असतो, आणि थर जसजसा जाड होतो तसतसा रंग बदलतो. हायस्पीड स्टील मात्र ५०० अंशांच्या पुढेही कडकपणा राखतं. त्यामुळे तोच निळा रंग एका पोलादात धोक्याची खूण, तर दुसऱ्यात नुसता डाग.

इथे संशोधकाने थांबायला हवं. समजा पातं निळं पडलं आणि तुम्ही आणखी चार वेळा हलक्या हाताने घासलंत. रंगाचा थर निघून गेला. पातं पुन्हा चकचकीत. पण मऊ पडलेलं पोलाद ऑक्साइडच्या थरापेक्षा कितीतरी खोल असतं, ते तिथेच आहे. म्हणजे पुरावा गेला, परिणाम राहिला. "मला रंग दिसला नाही" हे "पातं तापलं नाही" याचं प्रमाण होऊ शकत नाही. खात्री हवी असेल तर धारेजवळ सूक्ष्म कडकपणा मोजावा लागतो. तुमच्या स्वतःच्या क्षेत्रातही असं एखादं पाऊल असेल, जे मागच्या पावलाचा पुरावा पुसून टाकतं. ते कुठलं, हे प्रयोग सुरू करण्याआधी शोधून ठेवा.

मूळ दाव्याकडे वळलो तर काय दिसतं? दोन पटाश्यांपैकी एकीचं टोक आधीच्या ग्राइंडिंगमध्ये मऊ पडलेलं असेल, तर तुमची तुलना 'अ' पोलाद आणि 'ब' पोलाद अशी उरतच नाही. ती होते 'अ' पोलाद आणि 'पाणी उतरलेलं ब' अशी.

दुसरी पायरी: निसणं, आणि लाकडाच्या पेशी

दगडाने आकार दिला, पण त्याने ओरखडेही दिले. २२० ग्रिटच्या दगडातले कण साधारण ६० मायक्रॉनच्या आसपास असतात. माणसाचा केस ५० ते १०० मायक्रॉनचा. म्हणजे केसाच्या जाडीच्या कणांनी घासलेली कड जवळून पाहिली तर करवतीसारखी दिसणारच.

मग कड किती बारीक हवी? याचं उत्तर पोलादात नाही, लाकडात आहे. पाइनसारख्या मऊ लाकडात लांबट नळीसारख्या पेशी असतात. त्यांची रुंदी काही दशक मायक्रॉन, आणि भिंतीची जाडी काही मायक्रॉन. पात्याची कड या भिंतीपेक्षा जाड असेल तर भिंत कापली जाण्याआधी वाकते, चेपते, मग फाटते. कड भिंतीपेक्षा बरीच बारीक असेल तर भिंत उभ्या जागी कापली जाते. म्हणूनच मऊ पाइनच्या आडव्या छेदावर, म्हणजे तंतूंच्या टोकांवर, पटाशी चालवून बघणं ही कडक लाकडापेक्षा अवघड परीक्षा आहे. कडक लाकूड पेशींना आधार देतं. मऊ लाकूड देत नाही, त्यामुळे बोथटपणा लगेच उघडा पडतो. छेद मेणासारखा चमकला तर धार आहे, पांढुरका आणि खरबरीत दिसला तर नाही.

आपल्याकडच्या सागवानाची परीक्षा वेगळ्या अर्थाने अवघड. सागात सिलिका असते, आणि सिलिका म्हणजे वाळूचंच द्रव्य. त्यामुळे सागावर धार लवकर झिजते, हा अनुभव कुठलाही सुतार सांगेल. म्हणजे बघा, पाइन विचारतं "धार आत्ता किती बारीक आहे?" आणि साग विचारतो "ती किती काळ टिकेल?" हे दोन वेगळे प्रश्न आहेत. लाकूड निवडताना तुम्ही नकळत प्रश्नही निवडत असता.

दगडावरून पातं चामड्याच्या चाकावर येतं. चामड्यावरच्या पेस्टमधले कण काही मायक्रॉनचे किंवा त्याहून लहान असतात. ते ओरखडे कमी करतात आणि कड बारीक करतात. एक पथ्य मात्र पाळावंच लागतं: चाक धारेपासून दूर जाणाऱ्या दिशेने फिरत असलं पाहिजे. धार चाकाच्या समोरून आली तर पातं चामड्यात रुतेल, चामडं फाटेल आणि हातालाही इजा होईल.

दुसरी अडचण दिसत नाही म्हणून जास्त त्रासदायक. चामडं दबतं. जोर दिला की ते पात्याच्या टोकाभोवती किंचित वर येतं आणि टोक गोलसर करतं. उतार आरशासारखा चमकतो, पण अगदी कडेला कोन वाढलेला असतो. ३० अंश ठरवून घेतलेल्या पात्याचा प्रत्यक्ष कोन टोकाशी त्याहून जास्त निघू शकतो. चमक ही गुळगुळीतपणाची खूण आहे, धारेची नाही.

तिसरी गोष्ट: बर, म्हणजे खोटी धार

उतार घासत घासत कडेपर्यंत पोचला की पोलादाचा अतिशय पातळ पापुद्रा कडेवर उभा राहतो आणि पाठीकडे वळतो. कार्यशाळेत याला बर म्हणतात. बोट पाठीवरून कडेकडे अलगद सरकवलं की अडखळतं, तोच बर. कापसाचा बोळा फिरवला तर त्याचे तंतू अडकतात. बर उभा राहणं ही चांगली खूण आहे, कारण घासणं कडेपर्यंत पोचलं हे त्यातून कळतं. पण तो काढायला हवा.

आणि नेमकी इथेच गंमत होते. बर सरळ उभा राहिला असेल तर तो फार बारीक असतो. हातावरचे केस सहज निघतात, कागद सरकन कापला जातो. लोकांच्या आवडत्या दोन्ही परीक्षांत पातं उत्तीर्ण! मग लाकडावर दोनचार काप झाले की हा पापुद्रा वाकतो किंवा तुटतो, आणि तुटताना कडेचा थोडा भागही घेऊन जातो. आता तुम्ही वहीत काय लिहिणार? "सुरुवातीची धार उत्तम, पण टिकाव कमी." आणि दोष देणार पोलादाला.

आयोवा स्टेट विद्यापीठातले धातुशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक जॉन व्हरहूवन यांनी २००४ मध्ये सुऱ्यांच्या धारेवरच्या प्रयोगांचा एक सविस्तर अहवाल लिहिला. वेगवेगळ्या पद्धतींनी लावलेल्या धारा त्यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिल्या. हा अहवाल नवशिक्या संशोधकाने वाचावा असा आहे. कारण त्यात "छान धार" हा शब्द टाळून कडेची रुंदी किती, बर किती उरला, असे मोजता येणारे प्रश्न विचारले आहेत. नुसत्या कोऱ्या चामड्यापेक्षा क्रोमियम ऑक्साइडची पेस्ट लावलेलं चामडं बर काढण्यात खूपच प्रभावी ठरतं, असं त्यात दिसलं. म्हणजे काम करतो तो मुख्यतः पेस्टमधला घर्षक. 'चामड्यावर निसली' एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याला यातलं काहीच कळत नाही. पेस्ट कुठली, कण किती बारीक, हे लिहावंच लागतं.

मग धार मोजायची कशी?

आतापर्यंत आपल्याकडे धार या एका शब्दाखाली निदान तीन राशी जमल्या: कोन, कडेचा बारीकपणा आणि टिकाव. तिन्ही एकाच आकड्यात बसत नाहीत. याची जाणीव उद्योगात फार आधीपासून आहे. इंग्लंडमध्ये शेफील्डला कटलरीवर काम करणारी कॅट्रा ही संशोधन संस्था आहे. स्वयंपाकाच्या सुऱ्यांसाठीच्या आयएसओ ८४४२-५ या मानकातल्या चाचणीत सुरी ठरावीक दाबाने कार्डाच्या गठ्ठ्यावर पुढे-मागे चालवतात. कार्डात ठरावीक प्रमाणात सिलिका मिसळलेली असते, म्हणजे आपल्या सागासारखंच! पहिल्या काही फेऱ्यांत किती खोल कापलं गेलं हा झाला सुरुवातीच्या धारेचा आकडा, आणि सगळ्या फेऱ्यांची बेरीज हा टिकावाचा. दोन प्रश्न, दोन आकडे.

दुसरी सोपी पद्धत म्हणजे ताणलेला प्रमाणित धागा तुटायला किती ग्रॅम बल लागतं ते मोजणं. नव्या दाढीच्या ब्लेडला साधारण ५० ग्रॅमच्या आसपास आकडा येतो. पण या पद्धतीत कडेचा एकच बिंदू तपासला जातो. २५ मिमी रुंद पटाशीवर एका जागचा आकडा म्हणजे पूर्ण धार नव्हे. निदान तीन जागी मोजा.

आणि बोथट होणं म्हणजे नुसतं झिजणं हेही गृहीत धरू नका. २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एमआयटीच्या गटाचा एक सुंदर निबंध आला. प्रश्न साधा: केस हा ब्लेडच्या पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ, मग दाढी करून ब्लेड बोथट का होतं? पहिले लेखक जानलूका रोशोली तेव्हा तिथे डॉक्टरेट करत होते. त्यांनी स्वतःची दाढी केली आणि दर वेळी ब्लेड मायक्रोस्कोपखाली पाहिलं. कड सगळीकडून सारखी गोल झालेली दिसली नाही; ठरावीक जागी बारीक टवके उडालेले दिसले. केसाचा कोन, कडेवर आधीच असलेला टवका आणि त्या जागची पोलादाची असमान रचना, हे सगळं एकत्र जुळून आलं की मऊ केसही पोलादाला टवका पाडतो. लाकूड म्हणजे केस नव्हे, त्यामुळे निष्कर्ष जसाच्या तसा उचलू नये. पण विचार करायची पद्धत उचलण्यासारखी आहे: 'बोथट झालं' असं लिहून थांबू नका, कुठे आणि कसं झालं ते बघा.

प्रयोगाचं एकक कुठलं?

आता मुख्य मुद्दा. समजा तुम्ही सगळी काळजी घेतली. ओला दगड, जिग, तीच पेस्ट, बर काढला. दोन्ही पटाश्यांना एकदा धार लावली आणि प्रत्येकीने पाइनवर ४० काप घेतले. प्रत्येक कापाला लागलेलं बल नोंदवलं. मग ४० विरुद्ध ४० अशी टी-चाचणी केली आणि फरक 'लक्षणीय' निघाला. बरोबर?

नाही. कारण ते ४० काप एकाच धारेचे आहेत. त्या एका वेळी 'अ' पटाशीवर बर थोडा जास्त उरला असेल, तर तो चाळीसही कापांत डोकावणार. तुमच्याकडे ४० स्वतंत्र निरीक्षणं नाहीत, धार लावण्याची एकच घटना आहे आणि तिची ४० वाचनं आहेत. एन चाळीस नाही, एन एक आहे. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये पर्यावरणशास्त्रातल्या प्रयोगांबद्दल याच चुकीवर एक निबंध लिहिला आणि तिला आभासी पुनरावृत्ती अशा अर्थाचं नाव दिलं. तो निबंध आजही सगळ्या शाखांत वाचला जातो, कारण ही चूक सगळ्या शाखांत होते. एका कुंडीतली वीस रोपं, एका वर्गातले साठ विद्यार्थी, एका उंदराच्या शंभर पेशी: रूप बदलतं, चूक तीच.

मग करायचं काय? पटाशी पूर्ण बोथट झालेला भाग जाईपर्यंत पुन्हा घासा. पाठीच्या बाजूनेही झीज होते, ती राहिली तर नवी धार जुन्या झिजेवरच बसते. मग नव्याने निसा, नव्याने मोजा. असं प्रत्येक पटाशीला निदान सहा वेळा. प्रत्येक वेळच्या ४० कापांची एकच सरासरी काढा. आता तुमच्याकडे सहा विरुद्ध सहा आकडे आहेत. कमी वाटतात, पण हे खरे आहेत.

तरीही एक पायरी उरतेच. यातून जो निष्कर्ष निघेल तो या दोन पटाश्यांबद्दल असेल, दोन पोलादांबद्दल नाही. पोलादाबद्दल बोलायचं तर प्रत्येक पोलादाच्या अनेक पटाश्या हव्यात, शक्यतो वेगवेगळ्या खेपांतल्या. पोलादात पटाशी, पटाशीत धार लावणं, धारेत काप, अशी ही एकात एक उतरंड आहे. तुमचा दावा उतरंडीच्या ज्या पायरीवर असेल, त्या पायरीवर पुनरावृत्ती हवी. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

क्रमाकडेही लक्ष द्या. दगड वापरता वापरता चकचकीत होतो, त्याचे कण गुळगुळीत होतात आणि तो कमी कापू लागतो. चामड्यावरची पेस्ट संपत जाते, त्यात पोलादाचे कण साठतात. आधी 'अ' ला सहाही वेळा आणि मग 'ब' ला सहा वेळा धार लावलीत, तर 'ब' च्या वाट्याला थकलेला दगड येतो. म्हणून क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. दगड दर वेळी सुरुवातीला एकाच पद्धतीने उजळा. आणि काप कसा दिसतो याला गुण देणारा माणूस वेगळा ठेवा. कुठली पटाशी कुठली हे त्याला सांगू नका, मुठीवर नुसता क्रमांक चिकटवा.

जुनं यंत्र वापरण्याआधी

जुनं यंत्र मिळालं तर आनंदच आहे, पण ते थेट प्रयोगाला लावू नका. चार गोष्टी बघा.

एक, दगड गोल आहे का. दांड्यावर पेन्सिल टेकवून हाताने दगड फिरवा. रेघ सगळीकडे सारखी उमटली नाही तर दगड हिऱ्याच्या ड्रेसरने सारखा करून घ्या. पटाशी वरखाली उडत असेल तर कोन दर फेऱ्याला बदलतो.

दोन, दगड पाण्यात ठेवून दिलेला होता का. काम संपलं की कुंडी खाली काढायची असते. खालचा भाग सतत भिजत राहिला तर दगडाचं वजन एका बाजूला वाढतं, दांड्यालाही गंज चढतो. गंजलेला दांडा दगड सुटू देत नाही.

तीन, जोर दिल्यावर दगड अडतो का. या प्रकारच्या यंत्रात मोटरचा बारीक दांडा रबराच्या कडेला घासून मोठं चाक फिरवतो. रबर कडक किंवा गुळगुळीत झालं असेल तर ते घसरतं. वेग कमी होतो, आणि तुमच्या 'दोन मिनिटं घासलं' या नोंदीला अर्थ उरत नाही. म्हणून मिनिटांऐवजी किती मिमी पोलाद गेलं ते व्हर्नियरने मोजा.

चार, चामडं. त्यावर आधी कुठली पेस्ट होती हे माहीत नसेल तर नवं चामडं लावा. जाड कणांची जुनी पेस्ट त्यात रुतलेली असेल तर तुमची बारीक पेस्ट काही करू शकणार नाही.

विजेची जोडणी, अर्थिंग आणि पाणी यांचं नातं वेगळं सांगायला नकोच. जुन्या केबलवर विश्वास ठेवू नका.

जाता जाता

'अमुक पोलाद जास्त धार धरतं' हा दावा खोटा आहे असं मी म्हणत नाही. कार्बाइडचं प्रमाण, कणांचा आकार, कडकपणा यांनी टिकाव खरोखर बदलतो. म्हणणं एवढंच, की हा फरक दिसायला धार लावण्यातला फरक त्याहून लहान असावा लागतो. आणि तो किती आहे हे कळायला आधी एकाच पटाशीला सहा वेळा धार लावून आकडे किती पसरतात ते बघावं लागतं. हा कंटाळवाणा प्रयोग कुणी छापणार नाही. पण तो केल्याशिवाय पुढचा प्रयोग सुरू करू नये.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. तुमच्या होऊ घातलेल्या विषयातला एक दावा घ्या आणि कागदावर तीन ओळी लिहा. माझी 'पटाशी' कुठली? माझं 'धार लावणं' कुठलं? आणि माझे 'काप' कुठले? तिसऱ्या ओळीतल्या आकड्याला तुम्ही एन म्हणत असाल, तर प्रस्ताव गाइडसमोर नेण्याआधी तो पुन्हा एकदा लिहून काढा. ही दुरुस्ती आत्ता एका संध्याकाळी होते. सगळा डेटा गोळा झाल्यावर तिला वर्ष लागतं.